भूपृष्ठजल क्षेत्राचे नकाशांकन आणि पाणीवाटप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नद्या, सरोवरे, धरणांचे जलाशय, तळी आणि पाणथळ जागा यांतील पाणी कोणत्या तारखेला किती जमिनीवर पसरले होते, हे सांगणारा नकाशा हा जलनियोजनाचा पाया असतो. असा नकाशा तयार करणारे तंत्रज्ञ आणि त्याच्या आधारे पाण्याचे हिस्से ठरवणारे अधिकारी किंवा पाणीवापर संस्था यांच्यात मात्र पुष्कळदा संवाद अपुरा राहतो, आणि त्याचे परिणाम कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या लाभधारकाला भोगावे लागतात. नकाशा वाचणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने ज्या गोष्टी विचारायलाच हव्यात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

भूपृष्ठजल क्षेत्रात नेमके कोणते पाणी धरले जाते?

जमिनीच्या पृष्ठभागावर उघडे असलेले आणि वरून दिसू शकणारे पाणी यात येते. नदीचे पात्र, नैसर्गिक सरोवर, धरणामागचा फुगवटा, शेततळी, खाणींत साचलेले पाणी आणि पुराने व्यापलेली जमीन हे सर्व त्याचे भाग आहेत. जमिनीतला ओलावा आणि भूजल त्यात येत नाही. भातखाचरांत उभे असलेले पाणी धरायचे की नाही, हे नकाशाच्या हेतूवर अवलंबून असते. पूरव्यवस्थापनासाठी ते महत्त्वाचे आहे. वाटपासाठी मात्र ते आधीच वाटून दिलेले पाणी आहे, म्हणून साठ्यात धरल्यास त्याची दुबार मोजणी होते. हा निर्णय काम सुरू होण्यापूर्वी घेऊन तो नकाशाच्या सूचीत स्पष्ट नोंदवावा.

वाटप तर घनफळावर होते. मग क्षेत्रफळ मोजून काय साधते?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नकाशा क्षेत्र सांगतो, साठा सांगत नाही. क्षेत्रावरून साठ्याकडे जाण्यासाठी त्या जलाशयाच्या तळाचा आकार माहीत असावा लागतो. धरण बांधण्यापूर्वी केलेल्या भूसर्वेक्षणावरून प्रत्येक पातळीला किती क्षेत्र पाण्याखाली जाईल आणि किती पाणी मावेल, याचा वक्र तयार केलेला असतो. उपग्रहावरून त्या दिवसाचे क्षेत्र मिळाले की या वक्रावरून पातळी आणि साठा काढता येतो.

असा वक्र उपलब्ध नसेल, तर दोन वेगवेगळ्या पातळ्यांवरील क्षेत्रे मोजून त्यांमधील पाण्याचे घनफळ काढता येते. समजा, एका पातळीला ४०० हेक्टर आणि तिच्याहून ३ मीटर उंच पातळीला ९०० हेक्टर क्षेत्र पाण्याखाली होते. दोन्ही क्षेत्रे आणि त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ यांची बेरीज करून तिला उंचीच्या एक तृतीयांशाने गुणायचे, ही प्रचलित रीत आहे. येथे ४००, ९०० आणि ६०० यांची बेरीज १,९०० होते आणि ३ मीटरचा एक तृतीयांश १ मीटर असल्याने मधल्या थरात १,९०० हेक्टर-मीटर, म्हणजे १.९ कोटी घनमीटर पाणी मावते. मात्र हा दोन पातळ्यांमधला फरक आहे, एकूण साठा नव्हे. खालच्या ४०० हेक्टरच्या पसाऱ्याखाली किती पाणी आहे, याबद्दल हे गणित काहीच सांगत नाही.

दुसरी मर्यादा भूरूपाची आहे. उथळ, पसरट जलाशयात पातळी थोडी खाली गेली तरी किनारा दूरवर सरकतो आणि क्षेत्रातील बदल स्पष्ट दिसतो. अरुंद, खोल दरीतील जलाशयात पातळी १० मीटर उतरली तरी क्षेत्र फारसे घटत नाही. तेथे केवळ क्षेत्रावरून साठा ठरवणे धोक्याचे आहे आणि पातळीची थेट नोंदच आधाराला घ्यावी लागते. एका खोऱ्यातील सर्व जलाशयांना एकच सरासरी सूत्र लावलेले आढळले, तर त्या आकड्यांवर आवर्तनाचे, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळीचे, नियोजन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपग्रहाला पाणी कसे ओळखता येते?

पाणी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा काही भाग परत पाठवते, पण निकट-अवरक्त आणि त्याहून अधिक लघुतरंग-अवरक्त किरण जवळजवळ पूर्ण शोषून घेते. माती आणि वनस्पती हे किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करतात. हा फरक एका आकड्यात पकडण्यासाठी हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांतील मूल्यांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागतात. मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा निर्देशांक एनडीडब्ल्यूआय (नॉर्मलाइज्ड डिफरन्स वॉटर इंडेक्स) या नावाने ओळखला जातो. त्यात वस्त्यांमधील छपरे आणि रस्ते पाण्यासारखे दिसण्याची अडचण होती, म्हणून २००६ मध्ये शू यांनी निकट-अवरक्ताऐवजी लघुतरंग-अवरक्त पट्टा वापरण्याची सुधारणा सुचवली. निर्देशांक शून्यापेक्षा अधिक असेल तर पाणी, हा ढोबळ नियम आहे. गढूळ पाण्यात, उथळ काठावर आणि शेवाळ वाढलेल्या तळ्यात ही सीमा सरकते, त्यामुळे प्रत्येक प्रतिमेसाठी आणि शक्य तेथे प्रत्येक जलाशयासाठी ती स्वतंत्रपणे ठरवावी लागते.

पावसाळ्यात आकाश ढगांनी झाकलेले असते. तेव्हाचे क्षेत्र कसे मिळवायचे?

रडारने. रडार स्वतःच सूक्ष्मतरंग सोडते आणि त्यांचा परतावा मोजते, त्यामुळे ढग आणि रात्र यांचा त्याला अडथळा होत नाही. शांत पाण्याचा पृष्ठभाग हे तरंग उपग्रहापासून दूर फेकतो, म्हणून पाणी काळे दिसते. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-१ मालिकेतील पहिला उपग्रह २०१४ मध्ये सोडला गेला आणि त्याच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात.

रडारच्याही अडचणी आहेत. जोराच्या वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या की तेच पाणी उजळ दिसते आणि नकाशातून गळते. उलट सपाट कोरडी वाळू किंवा धावपट्टी काळी दिसून पाणी म्हणून नोंदली जाते. पाण्यात उभ्या झाडाझुडपांवरून तरंग दोनदा आपटून परत येतात आणि बुडालेले क्षेत्र नेहमीच्या जमिनीपेक्षाही उजळ दिसते. म्हणून ऑप्टिकल (परावर्तित प्रकाश टिपणाऱ्या) आणि रडार अशा दोन्ही प्रतिमा एकत्र वापरणे इष्ट ठरते. केवळ एकीवर विसंबणाऱ्या नकाशात कोणता ऋतू अपुरा टिपला गेला आहे, हे आधी तपासावे.

लहान तळी आणि अरुंद ओढे या नकाशांत दिसतात का?

ते प्रतिमेच्या बारकाईवर अवलंबून आहे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या प्रतिमेतील एक पिक्सेल ३० मीटर बाजूचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा असतो. सेंटिनेल-२ च्या दृश्य आणि निकट-अवरक्त पट्ट्यांत तो १० मीटर बाजूचा असतो, पण त्याच उपग्रहाचा लघुतरंग-अवरक्त पट्टा २० मीटरचा आहे, हे सुधारित निर्देशांक वापरताना विसरले जाते.

१०० मीटर बाजूचे चौरस तळे घ्या. त्याचे क्षेत्र १ हेक्टर आहे. १० मीटरच्या प्रतिमेत त्याचे १०० पिक्सेल होतात आणि त्यांपैकी ३६ काठावर असतात, जेथे प्रतिमेची चौकट तळ्याशी तंतोतंत न जुळल्यास एकाच पिक्सेलमध्ये पाणी आणि जमीन यांची सरमिसळ होते. ३० मीटरच्या प्रतिमेत तळ्यावर जेमतेम ११ पिक्सेल बसतात आणि बहुतेक सर्व काठाचेच असतात. याउलट १ किलोमीटर बाजूच्या जलाशयात १० मीटरच्या प्रतिमेतील १०,००० पिक्सेलपैकी सुमारे ४ टक्केच काठावर येतात. मोठ्या जलाशयाचे क्षेत्र विश्वासाने सांगणारी पद्धत लहान तळ्यांच्या बाबतीत फसते, ती यामुळे.

ज्या खोऱ्यात पाण्याचा मोठा हिस्सा शेकडो लहान साठ्यांत अडवलेला असतो, तेथे हा मुद्दा न्यायाचा होतो. वरच्या भागातील लहान तळी नकाशात उतरलीच नाहीत, तर खालच्या जलाशयातील येवा (त्यात येणारे पाणी) का घटला याचे कारण कागदावर सापडत नाही, आणि दोष पावसाला दिला जातो. किती आकाराखालील साठे नकाशात धरलेले नाहीत, ती मर्यादा म्हणूनच ठळकपणे लिहिली पाहिजे.

बारमाही आणि हंगामी पाणी वेगळे कसे करतात?

एकाच तारखेच्या नकाशावरून ते करता येत नाही. वर्षभरातील अनेक प्रतिमा घेऊन, एखादा पिक्सेल जितक्या वेळा स्पष्ट दिसला त्यांपैकी किती वेळा तेथे पाणी होते, याचे प्रमाण काढतात. बाराही महिने पाणी असेल तर क्षेत्र बारमाही, काही महिनेच असेल तर हंगामी.

या गणितात एक खोच आहे. ढगांमुळे पावसाळ्यातील प्रतिमा कमी आणि उन्हाळ्यातील अधिक मिळतात. सर्व प्रतिमांना सारखे वजन दिले तर कोरड्या महिन्यांचे पारडे जड होते आणि पाण्याचे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. यावर उपाय म्हणजे आधी प्रत्येक महिन्याचे स्वतंत्र प्रमाण काढून मग त्यांची सरासरी घेणे. ज्या महिन्याची एकही स्वच्छ प्रतिमा नाही, तो महिना कोरडा न धरता माहिती नसलेला म्हणून दाखवावा.

तयार जागतिक नकाशे असताना स्वतंत्र नकाशा कशाला हवा?

पहिली पाहणी करण्यासाठी तयार नकाशे उत्तम आहेत. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅटच्या सुमारे ३० लाख प्रतिमा तपासून १९८४ पासूनचा जागतिक भूपृष्ठजलाचा संच तयार केला आणि २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८४ ते २०१५ या काळात जगातील सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर बारमाही पाणी नाहीसे झाले आणि अन्यत्र सुमारे १,८४,००० चौरस किलोमीटर नवे बारमाही पाणी निर्माण झाले, ज्याचा मोठा भाग धरणांच्या जलाशयांचा होता, असे त्यातून दिसले. नाहीशा झालेल्या पाण्यापैकी ७० टक्क्यांहून अधिक पश्चिम आणि मध्य आशियातील होते.

परंतु हा संच ३० मीटरच्या प्रतिमांवर आधारलेला आहे आणि सर्व जगाला लागू पडेल अशा एकाच नियमावलीने तयार केलेला आहे. आपल्या खोऱ्यातील जलपर्णीने झाकलेले तळे किंवा वीस मीटर रुंदीचा कालवा त्यात नीट दिसेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. दीर्घकालीन कल पाहण्यासाठी तो घ्यावा. हिस्से ठरवण्यासाठी स्थानिक पडताळणी केलेलाच नकाशा वापरावा.

पाण्याची पातळीही आता अवकाशातून मोजता येते का?

होय. नासा आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह पाण्याचा विस्तार आणि पातळी एकाच वेळी मोजतो. सुमारे २५० मीटर लांबी-रुंदीपेक्षा मोठी सरोवरे आणि १०० मीटरपेक्षा रुंद नद्या हे त्याचे लक्ष्य आहे, आणि त्याचे कक्षाचक्र २१ दिवसांचे आहे. जलाशयावर मोजपट्टीच नसेल किंवा सीमेपलीकडील नोंदी मिळत नसतील, तेथे ही मोठी सोय आहे. दैनंदिन विसर्ग ठरवण्यासाठी मात्र काठावरची मोजपट्टी आणि ती रोज वाचणारा माणूस यांना पर्याय नाही.

जलाशयात गाळ साचत गेल्याचा नकाशावर काय परिणाम होतो?

गाळामुळे जुना वक्र खोटा ठरू लागतो. पातळी तीच, पण तिच्याखाली मावणारे पाणी कमी. त्याच पातळीला मिळणारे आजचे क्षेत्र मूळ सर्वेक्षणातील क्षेत्राशी ताडून पाहिल्यास गाळाचा अंदाज येतो, कारण फुगवट्याच्या वरच्या टोकाला साचलेला गाळ किनारा आत ढकलतो. वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रतिमा घेऊन असा सुधारित वक्र तयार करता येतो. ही पद्धत पाणी ज्या पातळ्यांदरम्यान चढते-उतरते तेवढ्याच पट्ट्यापुरती चालते. त्याखालच्या, कधीच उघड्या न पडणाऱ्या तळासाठी नावेतून प्रतिध्वनीच्या साहाय्याने खोली मोजावी लागते. नोंदलेल्या पातळीवरून जुना वक्र वापरून काढलेला साठा प्रत्यक्षापेक्षा अधिक असतो. म्हणजे ही चूक कायम जास्त पाणी कबूल करण्याच्या बाजूची असते, आणि तुटीच्या वर्षी ती उघडी पडते.

नकाशाची अचूकता ९८ टक्के सांगितली आहे. ती पुरेशी मानावी का?

केवळ त्या आकड्यावरून नाही. एखाद्या प्रदेशाच्या २ टक्के भागातच पाणी असेल, तर पाण्याचा एकही ठिपका न दाखवणारा कोरा नकाशासुद्धा ९८ टक्के अचूक ठरतो. म्हणून पाण्याच्या वर्गाचे दोन स्वतंत्र आकडे मागावेत: नकाशाने पाणी म्हटलेल्या जागांपैकी किती ठिकाणी खरोखर पाणी होते, आणि प्रत्यक्षातील पाण्यापैकी किती भाग नकाशाने टिपला.

दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, ते पाहा. १,००,००० हेक्टरच्या प्रदेशात नकाशाने १,००० हेक्टर पाणी दाखवले. नमुना-पडताळणीत पाणी म्हणून दाखवलेल्या जागांपैकी ९५ टक्के बरोबर निघाल्या, तर कोरड्या दाखवलेल्या जागांपैकी अवघ्या अर्ध्या टक्क्यात पाणी आढळले. तरीही ९९,००० हेक्टरचा अर्धा टक्का ४९५ हेक्टर होतो. दुरुस्त क्षेत्र ९५० अधिक ४९५, म्हणजे १,४४५ हेक्टर येते. नकाशातील पिक्सेल मोजून काढलेल्या क्षेत्रापेक्षा हे जवळजवळ दीडपट आहे. पडताळणीचे नमुने यादृच्छिकपणे, पाणी आणि जमीन या दोन्ही वर्गांतून निवडलेले असावेत, आणि क्षेत्राचा आकडा अनिश्चिततेच्या मर्यादेसह द्यावा, हा आग्रह म्हणूनच धरला पाहिजे.

कोणत्या चुका हमखास आढळतात?

डोंगरांच्या आणि ढगांच्या सावल्या पाणी म्हणून नोंदल्या जातात. उंच-सखलतेच्या प्रतिमानावरून तीव्र उतार वगळल्यास त्यांतील बऱ्याच निघून जातात, कारण उतारावर पाणी साचत नाही. डांबरी पृष्ठभाग आणि काळा खडकही फसवतात.

उलट दिशेची चूक अधिक गंभीर आहे. जलपर्णी किंवा बोरूने झाकलेले पाणी उपग्रहाला शेतासारखे दिसते. आफ्रिकेतील चाड सरोवराचा मोठा भाग पाणवनस्पतींनी व्यापलेला आहे, आणि केवळ उघडे पाणी मोजणारे नकाशे तेथील प्रत्यक्ष जलव्याप्त क्षेत्र पुष्कळ कमी दाखवतात.

आणखी एक चूक गणिताची आहे. संकेतस्थळांवरील बहुतेक नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या एका रीतीत, असतात. त्यात विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे क्षेत्र फुगत जाते: २० अंश अक्षांशावर सुमारे १३ टक्के, ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. क्षेत्रफळ नेहमी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्र न फुगवणाऱ्या, प्रक्षेपात मोजावे.

बाष्पीभवनाचा हिशेब या नकाशावरून करता येतो का?

करता येतो, आणि तो करायलाच हवा. १०० चौरस किलोमीटरच्या जलाशयावरून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडाले, तर ती घट रोजची ५ लाख घनमीटर होते. येथे पूर्ण भरलेल्या जलाशयाचे क्षेत्र वर्षभर धरण्याची सवय घातक आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा वेग सर्वाधिक असतो, पण तोवर पसारा आटलेला असतो. मासिक क्षेत्र आणि मासिक वेग यांचा गुणाकार करून बेरीज केली, तरच तूट योग्य येते.

वाटपाचा आधार म्हणून किती वर्षांची मालिका असावी?

शक्य तितकी दीर्घ, आणि तिच्यात कोरडी वर्षे असलीच पाहिजेत. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर एक फूट उंचीचे पाणी) वार्षिक पाणी नेमून देण्यात आले. त्यासाठी हाताशी असलेल्या प्रवाहाच्या नोंदी तुलनेने ओल्या वर्षांच्या होत्या. नदीत सरासरी जितके पाणी येते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले, आणि त्या तफावतीचा वाद शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

भूपृष्ठजलाच्या बाबतीत लँडसॅट मालिका १९७२ मध्ये सुरू झाली, ३० मीटरच्या प्रतिमा १९८० च्या दशकापासून मिळतात, आणि २००८ पासून हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे. एवढी सामग्री असताना मागील दोन-तीन वर्षांच्या सरासरीवर हिस्से ठरवण्याचे समर्थन होऊ शकत नाही. सरासरीपेक्षाही, चारांपैकी तीन वर्षांत किमान किती क्षेत्र आणि साठा मिळाला, हा आकडा नियोजनाला अधिक उपयोगी पडतो.

सरोवरासाठी किंवा पाणथळ जागेसाठी पाणी राखून ठेवण्यात या नकाशाचा काय उपयोग?

वाटपाच्या तक्त्यात ज्याचा रकाना नसतो, त्याच्या वाट्याला उरलेले पाणी येते. अरल समुद्राचे क्षेत्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर होते. त्याला पाणी पुरवणाऱ्या अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सिंचनाकडे वळवले गेले, आणि समुद्राचा स्वतःचा असा हिस्सा धरलेलाच नसल्याने तो आटत गेला. उत्तर भागात २००५ मध्ये कोक-अरल बंधारा पूर्ण झाल्यावर तेथील पातळी पुन्हा वाढली. क्षेत्राच्या मासिक मालिकेवरून पाणथळ जागेची किमान मर्यादा ठरवून ती वाटपाच्या तक्त्यात पहिल्या ओळींत घालता येते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील ६.६.१ हा निर्देशकही पाण्याशी निगडित परिसंस्थांच्या विस्तारातील बदलच मोजतो.

नकाशातील क्षेत्र चुकीचे वाटल्यास लाभधारकाने काय करावे?

प्रथम प्रतिमेची तारीख, उपग्रहाचे नाव, त्या दिवशीची नोंदलेली पातळी आणि वापरलेला वक्र किती साली तयार झाला, ही माहिती लेखी मागावी. बहुतेक मतभेद दोन वेगळ्या तारखांच्या किंवा दोन वेगळ्या पातळ्यांच्या तुलनेतून निर्माण झालेले असतात आणि एवढ्यानेच सुटतात. तारीख नोंदवलेली नसेल, तर तो नकाशा वाटपाचा पुरावा म्हणून स्वीकारू नये.

त्यानंतरही तफावत राहिली, तर पाणी त्याच पातळीला असताना काठाने चालत जाऊन मोबाइलवरील स्थाननोंद घेतलेली छायाचित्रे, ठळक खुणांपासूनची अंतरे आणि मोजपट्टीचे वाचन एकत्र जोडून हरकत दाखल करावी. मोबाइलची स्थाननोंद काही मीटरने चुकू शकते, म्हणून एका जागेऐवजी काठावरील अनेक जागांची नोंद करावी. हरकतीची मुदत आवर्तन सुरू होण्यापूर्वी संपेल अशी ठेवणे, आणि दुरुस्ती मान्य झाल्यास त्या हंगामाच्याच हिश्शात ती लागू करणे, ही वाटप करणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी आहे.